समुद्रकाठचा फेरा : कोर्लईची पदयात्रा कशी आखावी

माळव्यात, ग्वाल्हेरकडे, बडोद्यास किंवा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कोकणच्या समुद्राची ओढ असते, परंतु समुद्राचा परिचय मात्र फारसा नसतो. नदीकाठी वाढलेल्या माणसाला वाटते की, सकाळी पाहिलेला काठ सायंकाळीही जागच्या जागी असेल. समुद्राचे तसे नाही. सकाळी ज्या पुळणीवर मुले पकडापकडी खेळतात, तेथेच दुपारी माणसाच्या डोक्यावर पाणी असू शकते. डोंगर आपली उंची बदलत नाही. समुद्र मात्र दिवसातून चार वेळा आपली सीमा बदलतो. समुद्रकाठच्या पदयात्रेची आखणी डोंगरयात्रेच्या आखणीहून निराळी असते, ती एवढ्या एका कारणामुळे.

ही गोष्ट केवळ सोयीची नाही. २०१६ साली फेब्रुवारीच्या १ तारखेस मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. किनारा रम्य होता, सोबती आनंदात होते, दिवस स्वच्छ होता. अशी दुःखद वार्ता ऐकली की पुष्कळ पालक सहलीच नकोत असे म्हणू लागतात, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. तथापि मुलांना समुद्रापासून कायमचे दूर ठेवल्याने समुद्राचे ज्ञान होत नाही. ज्याच्या हाती पाच-पंचवीस माणसांची जबाबदारी आहे, त्याने निघण्यापूर्वी कागद, पेन्सिल आणि पंचांग घेऊन तासभर बसावे, हा त्यावरचा खरा उपाय. त्या तासाभरात काय करावयाचे, ते एका प्रत्यक्ष स्थळाच्या आधाराने पाहणे उपयुक्त ठरेल. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कोर्लईचा डोंगर फार सोयीचा आहे.

अलिबागहून दक्षिणेस मुरुडच्या रस्त्याने निघाले म्हणजे प्रथम चौल, मग रेवदंडा लागते. रेवदंड्यापाशी कुंडलिका नदी समुद्राला मिळते. पुलावरून खाडी ओलांडून साळावच्या बाजूने पुढे गेले की कोर्लई गाव येते. गावाच्या उत्तरेस एक लांबट, अरुंद डोंगर थेट समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कुंडलिकेची खाडी, उत्तरेस नदीचे मुख आणि त्यापलीकडे रेवदंड्याचा तट. केवळ दक्षिणेकडील चिंचोळ्या मानेने हा डोंगर जमिनीला जोडलेला आहे. डोंगराच्या पाठीवर कोर्लईचा किल्ला आहे, आणि पश्चिमेच्या अंगाला १९५५ साली बांधलेले दीपगृह आहे. गावातून निघून कोळीवाड्यावरून समुद्राच्या बाजूने दीपगृहापर्यंत जावे, त्याच्या मागील पायऱ्यांनी किल्ल्यावर चढावे, डोंगराच्या पाठीवरून उत्तर टोकापर्यंत जाऊन यावे आणि दक्षिणेच्या सोंडेने गावात उतरावे, असा हा फेरा. एकूण चाल सुमारे पाच किलोमीटरांची, आणि चढ शंभर मीटरांच्या आसपास.

आता ‘मध्यम’ पदयात्रा कशाला म्हणावे? अंतर थोडे असले म्हणजे वाट सोपी, असे समजण्याची चूक अनेकजण करतात. वस्तुतः चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : अंतर, चढ, पायांखालची जमीन आणि ऊन. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम घालून दिला. सपाटीवर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास मिळवावा. आजच्या मापांत सांगावयाचे तर, पाच किलोमीटरांस एक तास आणि सहाशे मीटर चढास एक तास. या हिशेबाने कोर्लईचा फेरा सव्वा तासाच्या आतच संपावा. परंतु नेस्मिथचा नियम थंड हवेतल्या, सवयीच्या आणि न थांबणाऱ्या माणसासाठी आहे. कोकणच्या दमट हवेत, मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असताना, ताशी तीन किलोमीटरांहून अधिक वेग धरू नये. म्हणजे चालीलाच पावणेदोन तास गेले. चढासाठी दहा मिनिटांऐवजी वीस-पंचवीस मिनिटे ठेवावी. पाहण्यासाठी, वाचण्यासाठी आणि विसाव्यासाठी दीड तास हवाच. शेवटी, कोणाचा पाय मुरगळला, कोणी मागे राहिले, तर हाताशी असावा म्हणून थोडा वेळ शिलकीत टाकावा. अशा रीतीने सव्वा तासाची वाट चार तासांची होते. या फेऱ्याला मध्यम म्हणावयाचे ते याच हिशेबाने. नित्य चालणाऱ्या निरोगी माणसाला तो सहज जमेल. पण ज्याने वर्षभरात घराबाहेर दोन किलोमीटर पाऊल टाकलेले नाही, त्याने निघण्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी चालण्याची सवय करावी.

फेऱ्याची वाट ज्या दिशेने गेली त्याच दिशेने परत येत नाही. यात नावीन्याचा लाभ आहे तसाच एक धोकाही आहे. गेल्या वाटेनेच परत यावयाचे असेल तर पुढे काय आहे ते ठाऊक असते. फेऱ्यात मात्र उत्तरार्ध नेहमीच अपरिचित असतो, आणि तो दमलेल्या पायांनी चालावा लागतो. म्हणून फेरा कोणत्या दिशेने घालावा, हा प्रश्न क्षुल्लक नाही. कोर्लईस दीपगृहामागच्या पायऱ्या उभ्या आहेत. उभी वाट चढताना दम लागतो खरा, पण तोल जात नाही. उतरताना मात्र गुडघ्यांवर भार येतो आणि पाय घसरतो. म्हणून सकाळच्या ताज्या दमात उभ्या पायऱ्या चढाव्यात आणि उतरण्यासाठी सौम्य सोंड राखून ठेवावी. दुसरेही एक कारण आहे. डोंगराची पश्चिम बाजू सकाळी सावलीत असते. ऊन तेथे उशिरा पोचते. गावाकडे उतरणारी पायवाट पावसानंतर रानात बुजते, तेव्हा ती गावातील एखाद्या जाणत्या माणसाला आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. ती चालण्याजोगी नसेल तर पायऱ्यांनीच सावकाश परतावे आणि उतरताना मुलांमध्ये एक-एक मोठा माणूस ठेवावा. दीपगृहाच्या आवारात जाण्याच्या वेळाही तेव्हाच विचारून घ्याव्यात, आणि त्यांप्रमाणे पुढील वेळापत्रक मागेपुढे सरकवावे.

यानंतर समुद्राचा हिशेब. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे असते. म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो, आणि समुद्र मुख्यत्वे चंद्राच्या ओढीने हलतो. आपल्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांनी हे गणित पंचांगाशी फार सुरेख जुळवले आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन : म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत पूर्ण भरती, आणि त्यांच्या मधोमध, सकाळी नवाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. म्हणजे ऐन दुपारी समुद्र तुडुंब. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच नियम लागू पडतो. हा हिशेब ठोकळ आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून छापील भरतीकोष्टक किंवा स्थानिक कोळी यांच्याकडून तो पडताळून घ्यावा. तरीपण ज्याला तो पाठ आहे, त्याला घरच्या दिनदर्शिकेवरूनच सहलीचा दिवस निवडता येतो.

पौर्णिमा आणि अमावास्या या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती ओढ एकमेकींना काटकोनात असते, म्हणून चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत या भागात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांच्या आसपास अंतर पडते. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही, ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग पाणी वाढते, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन भाग, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते. चार मीटरांतले दोन मीटर दोन तासांत! पहिला तासभर पाणी जागचे हललेसे वाटत नाही. माणूस निर्धास्त होऊन खडकावर आणखी पुढे जातो. आणि परत वळतो तेव्हा मागचा खळगा भरलेला असतो. माणसे अडकतात ती बहुधा अशा वेळी. यावरून एक नियम सहज निघतो : पूर्ण ओहोटीची वेळ ही खडकावर जाण्याची वेळ नसून तेथून निघण्याची वेळ आहे. जे पाहावयाचे ते पाणी उतरत असताना पाहावे, आणि पाणी फिरण्याच्या आत वर यावे.

कोर्लईस डोंगराच्या पायथ्याच्या खडकांवरून पाण्याकाठी प्रदक्षिणा घालण्याचा मोह होतो. समूहाने तो टाळलाच पाहिजे. शेवाळलेल्या खडकावर एकजण घसरला तर त्याला उचलून नेण्यास तेथे वाट नाही. दीपगृहापर्यंतचा रस्ता आणि किल्ल्याची पाठ एवढ्यांनी फेरा पूर्ण होतो, आणि समुद्र तिन्ही बाजूंनी मनसोक्त दिसतो.

हे सर्व एकत्र करून आता वेळापत्रक मांडू. समजा, डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या चतुर्थीचा दिवस निवडला. पूर्ण ओहोटी नवाच्या सुमारास आहे. सकाळी सात वाजता गावातून निघावे. त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून पहिला टप्पा गारव्यात होतो. पावणेआठला दीपगृहापाशी पोचून पंधरा मिनिटे थांबावे. साडेआठपर्यंत पायऱ्या चढून किल्ल्यात यावे. पुढील सवा तास डोंगराच्या पाठीवर उत्तरेस जाऊन येण्यासाठी. येथे एक अट पुढाऱ्याने आधीच सर्वांना सांगून ठेवावी : सव्वानऊ वाजता जो जेथे असेल तेथून परत फिरेल, उत्तरेचा बुरूज दोनशे पावलांवर राहिला असला तरी फिरेल. परतीची वेळ ठरवावयाची ती घरी, थंड डोक्याने. डोंगरावर, उत्साहाच्या भरात, ती कोणालाच ठरवता येत नाही. पावणेदहाला सावलीच्या जागी फराळ, दहा वाजता उतरण्यास प्रारंभ आणि पावणेअकरापर्यंत गावात. अकरापर्यंतची पंधरा मिनिटे शिलकीची. ऊन कडक होण्यापूर्वी शेवटचा माणूस घराच्या ओसरीला टेकलेला असावा.

आता या वाटेवर पाहावयाचे काय? किल्ला कशासाठी आहे हे कळले नाही तर तो केवळ पडक्या भिंतींचा ढीग वाटतो. म्हणून वर पोचल्यावर प्रथम उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. समोर नदीचे मुख, पलीकडे रेवदंडा. चौलचे बंदर प्राचीन काळापासून प्रख्यात होते. ग्रीक भूगोलकार टॉलेमी यालाही ते ठाऊक होते. या बंदरात यावयाचे तर जहाजाला या मुखातूनच शिरावे लागे. ज्याच्या हाती दोन्ही काठ, त्याच्या हाती बंदर. पुढचा सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले ते सोळाव्या शतकाच्या आरंभी. १५०८ च्या मार्चमध्ये याच मुखाशी इजिप्तच्या व दीवच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो दे आल्मेदा मारला गेला. पुढील वर्षी बापाने दीवच्या समुद्रात त्याचा सूड घेतला, आणि अरबी समुद्रावरील सत्तेचे पारडे फिरले. पुढे निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास वखार आणि किल्ला उभारला. पण ज्या शेजाऱ्याने जागा दिली त्याच्याशीच वितुष्ट आले. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने रेवदंड्याला दीर्घ वेढा दिला, तो फसला. तेव्हा १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने समोरचा हा डोंगर तटबंदीने बळकट केला. येथून तोफा डागल्या की रेवदंड्याची जहाजे कोंडली जात. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी डोंगरावर हल्ला केला आणि तो जिंकला. दरवाजात मरून पडलेल्या हत्तीमुळे दार लावता आले नाही आणि हल्लेखोर आत शिरले, अशी कथा त्या लढाईविषयी सांगतात. पोर्तुगीज या डोंगराला ‘मोरो’ म्हणत. त्यांच्या भाषेत मोरो म्हणजे टेकडी.

डोंगराच्या पाठीवरून चालताना एकामागून एक आडव्या भिंती आणि त्यांतील दरवाजे ओलांडावे लागतात. ही रचना सहेतुक आहे. जागा लांब आणि अरुंद असल्याने एक भाग शत्रूच्या हाती पडला तरी पुढचा भाग लढवता यावा, म्हणून किल्ल्याचे असे कप्पे पाडलेले आहेत. दरवाजांवर पोर्तुगीज लेख आणि राजचिन्हे दिसतात, तटावर जुन्या तोफा पडलेल्या आहेत, मध्ये छप्पर कोसळलेले ख्रिस्तमंदिर उभे आहे. पाण्याचे टाके आणि महादेवाचे लहानसे देऊळही आहे. एवढ्या चिंचोळ्या जागेत दोन धर्मांची पूजास्थाने एकमेकांजवळ असणे, हे या डोंगराच्या दोन राजवटींचे साधे, मूक टिपण होय. छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८३ मध्ये, मराठ्यांनी चौलला वेढा घातला होता, पण ठाणे पडले नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. पुढल्या वर्षी, १७४० मध्ये, तहानुसार रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. दोन शतकांहून जुने ठाणे सोडून फिरंगी सैनिक गोव्याकडे निघून गेले.

परंतु सर्वच माणसे गेली नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई गावात एक ख्रिस्ती समाज राहिला, आणि त्याच्या तोंडी राहिली एक बोली. पोर्तुगीज शब्दांवर उभी राहिलेली ही बोली त्या गावातील ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येते. ती बोलणारी माणसे हजारभराच्या आतबाहेरच आहेत, आणि ती तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ असे म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या बोलीची जडणघडण मराठी वाचकाला विशेष कुतूहलाची वाटेल. शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची मांडणी हळूहळू मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीजमध्ये वाक्याच्या मध्यावर येणारे क्रियापद येथे मराठीप्रमाणे शेवटाकडे सरकले. सत्ता गेली, पाद्री गेले, जहाजे गेली, तरी अडीचशेहून अधिक वर्षे ही भाषा टिकली. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि समाज लहान व आपापसांत बांधलेला. या एकांतानेच तिला राखले. १९८६ मध्ये कुंडलिकेवर पूल झाला आणि तो एकांत संपला. पुलाने शाळा, दवाखाना, नोकरी जवळ आणली. त्यावाचून गावाने राहावे असे कोण म्हणेल? पण मुले शिकण्यासाठी बाहेर जाऊ लागली, की घरची भाषा मागे पडते. गोवा, बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. बाहेर एक भाषा आणि उंबरठ्याच्या आत दुसरी, हा त्यांचा नित्याचा संसार आहे. नातवंडे आजीला कोणत्या भाषेत उत्तर देतात, यावर त्या दुसऱ्या भाषेचे आयुष्य अवलंबून असते.

म्हणूनच या फेऱ्यातील अखेरचा टप्पा, म्हणजे गाव, घाईने ओलांडू नये. आणि तेथे प्रेक्षकाच्या डोळ्यांनीही वावरू नये. कोणाच्या दारात जाऊन ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ असे म्हणणे हे असभ्यपणाचे होय. विसाव्यासाठी ओसरीवर जागा मिळाली, चहा विकत घेतला, मासळी सुकत घातली आहे तिचा भाव विचारला, तर संभाषण आपोआप सुरू होते. गावातील माउंट कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये जावयाचे असेल तर पादत्राणांची धूळ झाडून, उपासना चालू नाही असे पाहून, शांतपणे जावे. छायाचित्र काढण्यापूर्वी अनुमती घ्यावी.

किल्ल्याशीही असेच सौजन्याने वागावे. तटाचे दगड चुन्यात बसवलेले आहेत. चुना झिजला की एका मुलाच्या भारानेही चर्येचा दगड सुटतो. तटावर चढू नये, तोफांवर बसू नये. संरक्षित स्मारकाला इजा पोचवणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे. पण कायद्याची आठवण करून देण्याची वेळ येऊ नये, हे बरे. खाल्लेल्या फराळाचे कागद आणि रिकाम्या बाटल्या ज्याने वर नेल्या त्याने खाली आणाव्यात. टाक्यातील पाणी पाहावे, पिऊ नये.

बरोबर न्यावयाच्या वस्तू थोड्याच आहेत. दर माणशी दोन लिटर पाणी. कारण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि किती पाणी गेले ते कळत नाही. मीठ-साखरेच्या पुड्या, लिंबू, गूळ-शेंगदाणे. तळव्याला पकड असलेली बंद पादत्राणे, चपला नकोत. डोक्याला टोपी किंवा उपरणे. मलमपट्टीचे साहित्य आणि एक शिट्टी. माणसांची मोजणी निघताना, दीपगृहापाशी, किल्ल्यात आणि गावात, अशी चार वेळा करावी. सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे धिम्मा, सोशिक असा माणूस ठेवावा. सगळ्यांचा वेग त्या मागच्या माणसाने ठरवावा. किनाऱ्यावर राहिलेल्या एखाद्या परिचिताला परतीची वेळ लिहून द्यावी, म्हणजे उशीर झाल्यास कोणीतरी चौकशी करील. पोहणे या कार्यक्रमात नाही, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात आणि दर्या खवळलेला असतो, तेव्हा हा बेत करूच नये.

दुपारच्या विश्रांतीनंतर वेळ उरल्यास खाडी ओलांडून रेवदंड्यास जावे. तेथे तट, सुरूच्या झाडांची पुळण आणि फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा उंच मनोरा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. त्याचे वरचे मजले आता पडून गेले आहेत. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी, चौलच्या बंदरात उतरला होता. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात स्तंभ उभारलेला आहे. सकाळी ज्या डोंगरावरून रेवदंडा पाहिला, तो डोंगर आता रेवदंड्याच्या पुळणीवरून पाहावा. तोफा एकमेकींकडे कशा तोंड करून असतील, ते मग मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना कोर्लई दूर पडते त्यांनी हीच रीत आपल्या जवळच्या किनाऱ्यावर लावावी. गोव्यातील वाचकांना आग्वादचा किल्ला आहेच. १६१२ मध्ये पूर्ण झालेला हा किल्ला मांडवीच्या मुखावर तसाच उभा आहे, जसा कोर्लई कुंडलिकेच्या मुखावर. जहाजांना गोडे पाणी पुरवण्याच्या कामावरून त्याचे नाव पडले. तेथे १८६४ चे जुने दीपगृह आहे, आणि गोवामुक्तीसाठी झगडणाऱ्या सत्याग्रहींना जेथे डांबले होते त्या तुरुंगाचे २०२१ मध्ये संग्रहालय झाले आहे. अंतर मोजावे, चढ मोजावा, तिथीची पाऊणपट करावी, फिरण्याची वेळ घरी ठरवावी आणि ती पाळावी. एवढे केले की बाकीचे काम पायांचे.

घरी परतल्यावर मुलांनी नकाशा काढावा, त्यावर प्रत्येक ठिकाणी पोचल्याची खरी वेळ लिहावी आणि आखलेल्या वेळेशी ती ताडून पाहावी. कोठे वीस मिनिटे जास्त लागली, कोठे पाणी संपले, कोण दमला, हे त्यात येऊ द्यावे. पुढल्या वर्षी जो समूह निघेल त्याला हा कागद उपयोगी पडेल, आणि त्याचा पुढारी बहुधा याच मुलांपैकी कोणीतरी असेल.